अंतर भागिले वेग, आणि माझा पोपट

दोन शहरांमधलं विमानाचं अंतर सर्च केलं की एक आकडा येतो, त्याखाली फ्लाइट टाइमही असतो, आणि मी कित्येक वर्षं तोच खरा धरून कनेक्टिंग फ्लाइट बुक करायचे. शाळेतलं गणित, अंतर भागिले वेग, विषय संपला.

मग एकदा परतीच्या फ्लाइटमध्ये झोप येईना म्हणून समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा बघत बसले, तर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने वेग, ताशी ७८० किमी दाखवतोय. जाताना तो हजाराच्या वर होता, पक्कं आठवत होतं कारण मी फोटो काढलेला. रूट तोच, विमानही तसलंच, मग हे काय?

वारा! दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतो. लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५०० किमी, पण लंडनहून जाताना आठ तास आणि येताना सातच्या आत-बाहेर. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. तेव्हा जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेलेला, तरी ध्वनीचा वेग काही त्याने ओलांडला नव्हता, कारण आजूबाजूची हवाच त्याच्यासोबत पळत होती, प्रवाहात सोडलेल्या होडीसारखं.

आणि अंतर तरी कुठलं हो? साइटवर दिसतं ते पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर, सपाट नकाशावर ती रेघ कमानीसारखी वाकडी दिसते (न्यूयॉर्क-टोकियोची रेघ अलास्काकडून जाते, मला आधी ती चूकच वाटलेली). पण विमानाने त्याच रेघेवरून जायला हवं ना. हेलसिंकी-टोकियोचंच बघा, २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन विमानांना बंद झालं आणि साडेनऊ तासांची फ्लाइट तेराच्या आसपास गेली. दोन्ही एअरपोर्ट मात्र जागच्या जागी.

माझा पोपट झाला तो वेगळ्याच कारणाने. तिकिटावरची वेळ म्हणजे टेकऑफ नाही, विमान गेटवरून हलण्याची वेळ, आणि पोचण्याची वेळ म्हणजे पलीकडच्या गेटला लागण्याची. मधे टॅक्सी करणं (म्हणजे विमानाचं जमिनीवरून सावकाश चालणं), रनवेसाठी रांग, उतरायच्या आधी आकाशात घिरट्या, हे सगळं त्यातच. त्या दिवशी पंचवीस मिनिटं आम्ही जमिनीवरच रांगत होतो, पुढे विमानांची ओळ, खिडकीतून पुढच्या विमानाचं शेपूट दिसतंय आणि मी मनात अजूनही किलोमीटर भागिले वेग करतेय. कनेक्शन अर्थातच गेलं.

आता मी तो अंतराचा आकडा बघतच नाही. फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर तोच फ्लाइट नंबर टाकते आणि गेल्या आठवड्यात तो रोज खरोखर कितीला गेटला लागला ते बघते, त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरून पुढचं तिकीट काढते.