भुसावळची रेल्वे कॉलनी आणि अर्धा राहिलेला कॅरमचा डाव

अजिंठ्याला जायचं म्हणून आम्ही भुसावळला उतरलो. लेणी पाहिली, डोळे निवले. पण त्यांच्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. मला लिहायचंय ते इथल्या रेल्वे कॉलनीबद्दल.

खानदेशातलं एप्रिलचं ऊन जीव नको करतं. पण कॉलनीतल्या 'पंधरा बंगला' या भागाकडे वळलो आणि रस्त्यावर कडुनिंबाची सावली मिळाली. 1860 च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथे आली. पुढे यार्ड आणि लोकोशेडच्या जोडीने क्वार्टर, दवाखाना, शाळा, मैदान, इन्स्टिट्यूट असं सगळं आखून वसवलं गेलं. इन्स्टिट्यूट म्हणजे कर्मचाऱ्यांची खेळायची-बसायची जागा, साहेबांचा क्लब निराळा. ही वाटणी मला खटकते. तरी फायरमन, गार्ड, फिटर यांनाही खेळायला हक्काची जागा हवी, हे तेव्हा कोणीतरी कागदावर मांडलं होतं.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका रिटायर्ड ड्रायव्हर. संध्याकाळी ते आम्हाला इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेले. कॅरमच्या बोर्डावर चारही बाजूंना, जिथे मनगट टेकतं तिथे, लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं.

"मोबाइल नव्हते तेव्हा," काका सांगू लागले. "ड्युटीचा निरोप घेऊन कॉलबॉय सायकलवर यायचा. घरी नसलो की सरळ इथंच. कॉलबुकावर सही करायची, क्वीन तशीच सोडून उठायचं, न्‌ मालगाडी घेऊन खंडव्याला. डाव दुसरा कोणीतरी पुरा करायचा."

रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर जाणाऱ्यांना, कसला आलाय रविवार! रात्री दोनला ड्युटी, भर दुपारी झोप. अशा माणसाला अवेळी सोबत मिळायची ती इथेच. घरी काकूंचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाट पाहत होती, तरी माझा पाय निघेना.

दुसऱ्या दिवशी जळगावला नातेवाइकांच्या नव्या प्लॉटवर गेलो आणि चिडचिड झाली. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठा लेआउट असला की नियमाने 10 टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी, ओपन स्पेस म्हणून सोडावी लागते. इथेही सोडलीय: तारेचं कुंपण, कुलूप, आत काटेरी बाभळी. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि दर बॉलला मोटारसायकल आली की थांबतात.

त्या भागात प्लॉट घेणार असाल तर मंजूर नकाशात ओपन स्पेस कुठे आहे ते आधी बघा, मग तिथे स्वतः जाऊन उभे राहा. कुलूप दिसलं तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. आम्ही तीन घरी विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही.