टेकू, गर्डर आणि उधारी : आमची वाटचाल

आमच्या कार्डावर ‘स्ट्रक्चरल रिपेअर्स अँड प्रॉपिंग’ असं छापलेलं आहे, म्हणजे जुन्या इमारतींची दुरुस्ती करायची आणि ती होईपर्यंत त्या टेकूवर तोलून धरायच्या. लालबाग, करी रोड, शिवडी, भायखळा या पट्ट्यात मात्र आम्हाला टेकूवाले म्हणतात. म्हणू देत. या भागातल्या कितीतरी चाळी कधी ना कधी टेकूवर उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांतले बरेच टेकू आमचे होते. गल्लीच्या तोंडावर पुनर्विकासाचे फलक लागायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही या जिन्यांवरून गर्डर चढवतोय.

सुरुवात वडिलांची. ते मिलमध्ये मेंटेनन्स खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुढचं या भागातल्या माणसाला सांगायला नको. बरेच जण गावी गेले, वडील गेले नाहीत. शेजारच्या खोलीत राजापूरकडचा एक सुतार राहायचा. त्याच्याकडे रंधा, पटाशी आणि लाकडाची पारख होती, वडिलांकडे आट्यांवर फिरवून भार उचलणारे दोन स्क्रू जॅक, साखळीने वजन ओढणारा एक चेन ब्लॉक आणि लोखंडाची अक्कल. पहिलं काम आमच्याच चाळीतलं, संडासाकडच्या टोकाचं. चाळीचं ते टोकच आधी जातं. दिवसभर पाणी, भिंतीत ओल, आणि सागवानी तुळईचं भिंतीत गेलेलं तोंड आतून कुजतं. बाहेरून तुळई तेलपाणी केल्यासारखी दिसते, टोच्या मारला की मूठभर भुसा.

हत्यारांबद्दल दोन शब्द लिहितो, कारण हल्ली पोरं भाड्याची मशीनं आणतात आणि स्वतःला कॉन्ट्रॅक्टर म्हणवतात. भार घ्यायचा तर स्क्रू जॅकवर घ्या. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक बॉटल जॅकने उचलणं सोपं असतं, पण त्याचं सील रात्रीतून दाब सोडतं. सकाळी येऊन बघावं तर वरची लादी फाटलेली. हायड्रॉलिकने उचला, लगेच खाली पाचर मारा आणि जॅक मोकळा करा. पाचर बाभळीची, जोडीने, दोन्हीकडून. आणि वाकलेली तुळई सरळ करायला जाऊ नका. ऐंशी वर्षं ती तशी बसलेली आहे, भिंती, दाराच्या चौकटी, लादीकोबा सगळं तिच्या बाकाप्रमाणे बसलंय. फक्त तिचा भार काढून घ्यायचा, मग शेजारी आय सेक्शन, म्हणजे लोखंडी गर्डर, सरकवायचा. सरळ करायला गेलेल्या एका इंजिनियर साहेबांमुळे वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांची दारं बंद होईनाशी झाली होती. त्यांचं नाव घेत नाही, अजून धंद्यात आहेत.

तडा वाढतोय की नाही हे बघायला आम्ही आजही त्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवतो आणि तारीख लिहितो. काच फुटली तर इमारत अजून हलतेय. अल्ट्रासॉनिक पल्स, रिबाउंड हॅमर, हाफ सेल ही तपासणीची सगळी यंत्रं आमच्याकडे आहेत, रिपोर्टला लागतं. पण ते सगळं काँक्रीटसाठी. लाकूड आणि चुन्यातल्या विटांच्या चाळीला ते मशीन काय सांगणार? तिथे हातोडी आणि कान.

१९९६ च्या आसपास धंदा माझ्याकडे आला. त्यानंतरची वीसेक वर्षं कामं मिळाली, माणसं टिकली, पगार वेळेवर झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते २०१७ चं.

पण आधी या भागात पैसा कसा येतो आणि का येत नाही ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. मालकाला खोलीमागे जे मिळतं त्यात एका जिन्याचं फळकूटसुद्धा येत नाही, त्यामुळे मालकाने दुरुस्ती सोडली. १९६९ चा कायदा आला, दुरुस्ती मंडळ आलं, रहिवाशांकडून उपकर घेऊन दुरुस्ती करायची असं ठरलं. तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे हा उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या १९ हजारांवर. आज १३ हजारांच्या आसपास उरल्यात. ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या, त्यांतल्या सर्वाधिक. तारीख बघा, तीच. ज्या दिवसाला भाडं गोठलं त्याच दिवसाने इमारतीचं म्हातारपण मोजतात.

मंडळाच्या दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा असते. मर्यादेच्या वर खर्च गेला की रहिवाशांनी भर घालायची, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. मग उरतो बिल्डर. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) मध्ये, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमात, तो येतो तो विक्रीच्या फुटांसाठी. आता चारशे चौरस मीटरचा प्लॉट धरा, वर साठ भाडेकरू. माणशी कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, म्हणजे १८ हजार फूट नुसते त्यांचेच. प्लॉट ४,३०० फुटांचा, तिप्पट एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम, धरला तरी १३ हजारच्या आत. म्हणून नियमात दुसरी वाट आहे, पुनर्वसनाच्या क्षेत्रावर पन्नास टक्के प्रोत्साहन. म्हणजे विक्रीला साधारण ९ हजार फूट. त्या ९ हजारांतून साठ घरांचं बांधकाम, तीन-चार वर्षांचं साठ कुटुंबांचं भाडं, कॉर्पस म्हणजे रहिवाशांसाठीचा ठेव निधी, कर्जाचं व्याज, आणि त्याचा नफा. वर अग्निशमनाची गाडी फिरायला जागा सोडायची. गल्ली असते वीस फुटांची. सांगा, कोण शहाणा येईल?

येतात ते दोन प्रकारचे. एक ज्याला शेजारचे बरेच प्लॉट मिळून ३३(९), म्हणजे समूह पुनर्विकास, करायचंय, त्याला ४ एफएसआय आणि किमान ४ हजार मीटर जागा लागते, आणि तो दहा वर्षं थांबू शकतो. दुसरा ज्याला बांधायचंच नसतं, फक्त संमतिपत्रं आणि ना-हरकत हातात घेऊन ती पुढे विकायची असतात. वरळीच्या बीडीडी चाळीत १४ ऑगस्ट २०२५ ला ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, चांगलं झालं, मनापासून सांगतो. पण ती सरकारी जमीन, सलग, भरपूर मोठी. आमच्या गल्लीतल्या माणसाने ते फोटो बघून आपल्या चारशे मीटरवर तेच होईल असं समजू नये. आमच्याकडे रोज एक तरी समजतो.

तर २०१७. एका तीन मजली चाळीने स्वतःच्या वर्गणीतून, रीतसर ना-हरकत घेऊन, आम्हाला मोठी दुरुस्ती दिली. तळमजल्यावर आणि पहिल्यावर सगळी मागची बाजू टेकूवर घेतली, सव्वाशेच्या वर स्टीलचे प्रॉप, म्हणजे टेकू, बल्ल्या वेगळ्या. आमच्याकडचा जवळजवळ सगळा माल तिथे. जुन्या तुळया काढायला सुरुवात झाली आणि ३१ ऑगस्टला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली. सगळी मुंबई हादरली, आमच्या चाळीतले लोक हादरले, ते स्वाभाविक. पण त्या आठवड्यात एक बिल्डर आला. एलईडी पडदा लावून चाळीच्या पटांगणात त्याने बावीस मजली टॉवर दाखवला आणि आमच्या टेकूंकडे बोट करून म्हणाला, ‘या काड्यांवर तुमची पोरं झोपवताय?’ टाळ्या वाजल्या. त्या काड्यांवर चाळ उभी होती, आणि टाळ्या वाजवणारे त्याच चाळीत उभे होते.

कमिटी बदलली. काम थांबवा म्हणाले. झालेल्या कामाचं बिल? नवी कमिटी म्हणाली बिल्डर देईल, बिल्डर म्हणाला ते सोसायटीचं. मी म्हटलं, बिल नंतर बघू, माझा माल मला द्या. आणि इथे अडकलो. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत बरीच कुटुंबं भाडं घेऊन बाहेर पडली, पण तीन घरं हटेनात. त्यांचं पागडीचं भांडण होतं. पहिल्या मजल्यावर म्हातारी माणसं राहतायत आणि खाली माझे प्रॉप. काढले असते तर मजला बसला असता. कायद्याने मला कुणी अडवलं नव्हतं. अडवणार कोण, कुणी बघायलाही येत नव्हतं. मीच काढले नाहीत.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली, बिल्डरांना पैसे पुरवणाऱ्या वित्त कंपन्यांचे हात आखडले, आणि आमच्या टॉवरवाल्याचा फोन बंद झाला. बाहेर पडलेल्यांचं भाडं थांबलं. आणि मी, ज्याचं भांडवल म्हणजे तेच प्रॉप, नवीन काम घेऊ शकत नव्हतो. काम आलं की दुसऱ्याकडून माल भाड्याने घ्यायचा. नफा त्यात जायचा. मिस्त्री गेले, दोघं मेट्रोच्या कामावर, एक गावी. बायकोने बांगड्या काढून दिल्या, त्या मी घेतल्या. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं भाडं थकलं ते वेगळंच.

२०२१ मध्ये ती तीन घरं संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेली आणि इमारत पाडली. पाडकामाचा ठेका ज्याला दिला होता त्याच्या करारात भंगार त्याचं होतं. माझे प्रॉप भंगारात धरले. जाऊन भांडलो, पावत्या दाखवल्या, प्रत्येक प्रॉपच्या कॉलरवर आमची खूण आहे ती दाखवली. निम्मे मिळाले, त्यांतले पुष्कळ वाकलेले. बिलाचा एक रुपया आजतागायत नाही. प्लॉटवर निळे पत्रे आहेत, पावसाळ्यात आत तळं साचतं.

त्या काळात धंदा बंद झाला नाही याचं एकच कारण, तात्या. आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणतो. बेस्टमधून निवृत्त, चिंचपोकळीच्या बाजूच्या एका चाळीचे सेक्रेटरी. त्यांच्याकडे चाळीतल्या प्रत्येक तड्याची वही आहे: कुठल्या खोलीत, काच कधी लावली, कधी फुटली, कुणाच्या मोरीतून गळतंय. मोरी बदलायला नकार देणाऱ्याचं नावसुद्धा. त्यांच्या चाळीचं काम तेव्हा तातडीचं नव्हतं. तरी ते कमिटीत उभे राहिले आणि पुढच्या वर्षाची दुरुस्ती आत्ताच द्यायची म्हणाले. मला म्हणाले, ‘तुझ्याकडे टेकू नाहीत हे ठाऊक आहे मला. वर्गणीतून नवे घेऊ, काम झालं की तू हप्त्याने फेड.’ चाळीच्या पैशातून चाळीस प्रॉप घेतले. कॉलरवर आमची खूण घातली, तर तात्या म्हणाले, शेजारी आमच्या चाळीचीही घाल. दोन खुणांचे ते प्रॉप अजून गोदामात वेगळे ठेवतो.

त्याच तात्यांनी तीन बिल्डर परत पाठवले. एकाला विचारलं, नोंदणीकृत करार कधी? तो म्हणाला, आधी संमती द्या. तात्यांनी वही मिटली. त्यांची चाळ आज आमच्या गर्डरवर मजबूत उभी आहे आणि म्हणूनच आता शेजारच्या चार चाळींबरोबर समूह पुनर्विकासाची बोलणी तिच्या अटींवर चालली आहेत. पडायला आलेल्या चाळीतला माणूस काय वाटाघाटी करणार? मिळेल त्यावर सही करतो. आमच्यावर कायम आरोप होतो की हे दुरुस्तीवाले पुनर्विकासाला खीळ घालतात. अहो, दहा-पंधरा वर्षं दुरुस्तीने मिळाली तरच लोकांना थांबायची, निवडायची, चार ठिकाणी विचारायची सवड मिळते. या वस्त्यांत पैसा येईल, येतोच आहे, पण तो घाईतल्या माणसाकडून स्वस्तात घेईल आणि थांबू शकणाऱ्याला किंमत देईल.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. खोली सोडण्याआधी पर्यायी घराचा करार नोंदवून घ्या, साध्या स्टॅम्पपेपरवर विश्वास नको. भाडं निदान वर्षाचं आगाऊ आणि बाकीच्याची बँक गॅरंटी. रेराचं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं, संरक्षण मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्याला आहे, तुम्ही भाडेकरू आहात हे विसरू नका. रखडलेले प्रकल्प सरकारने ताब्यात घ्यायची तरतूद आता म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कायद्यात आली आहे, कमिटीतल्या एकाने तरी ती वाचावी. तळमजल्याच्या दुकानदाराला मधली भिंत काढू देऊ नका, तो कितीही जवळचा असो. पोटमाळ्यावर पाण्याचे ड्रम ठेवू नका. भिंतीतलं पिंपळाचं रोप आज उपटा, देवाचं आहे म्हणून ठेवू नका. आणि गंजावर प्लास्टर मारून वर रंग काढून देणारे आमच्याच गल्लीत आहेत, त्यांचा रेट आमच्या निम्मा असतो. दोन पावसाळ्यांनी तेच लोक आमच्याकडे येतात.

सध्या आमच्याकडे शिवडीला गोदाम आहे, आठ माणसं कायम आहेत, मुलगी सिव्हिल करून धंद्यात आली आहे आणि अंदाजपत्रकं तीच काढते. मे महिन्यात फोन करून जूनच्या आधी काम करून द्या म्हणू नका, पाहणीसाठी दिवाळीनंतर बोलवा. पाहणी फुकट. टेकूचं भाडं महिन्याच्या एक तारखेला, आगाऊ, आणि माल कॉन्ट्रॅक्टरच्या मालकीचा हे करारात पहिल्या पानावर.