सहा आठवडे परदेशात आणि साडेसातची मालिका

औंधच्या ब्रेमेन चौकातून माझे रोजचे येणे-जाणे आहे, पण ज्या शहराचे नाव त्या चौकाला दिले आहे ते जर्मनीतले ब्रेमेन प्रत्यक्ष पाहण्याचा योग २०२५ च्या ऑक्टोबरात आला. मुलगी तिथे नोकरीला आहे. दसरा झाल्यावर ४ ऑक्टोबरला मी, माझे यजमान आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई असे तिघे पुण्याहून निघालो आणि मधले तीन दिवस ॲमस्टरडॅम व आठ दिवस लंडन धरून १५ नोव्हेंबरला परतलो. ब्रेमेनचा रोलांडचा पुतळा आणि वेझर नदीचा काठ यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी इथे फक्त एका गोष्टीविषयी लिहिणार आहे : आईंच्या दोन मराठी मालिका या सहा आठवड्यांत आम्ही कशा चालू ठेवल्या, कुठे अडलो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी पुण्यातूनच कोणती तयारी करून निघावे.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात ती किरकोळ नाही. आई तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावतात, शुभंकरोती म्हणतात आणि साडेसातची मालिका लागली की कापसाचा डबा मांडीशी घेऊन वाती वळायला बसतात. बोटांना किंचित दुधाचा हात लावून त्या कापूस ओढतात, पण पडद्यावर काही गंभीर घडत असेल तर बोटे तिथेच थांबतात, आणि अर्धवट वळलेली ती वात जाहिराती लागल्यावरच पुरी होते. सासरे गेल्यापासून दिवसाचा हा एक तास त्यांचा स्वतःचा आहे. परक्या देशात भाषा, हवा, जेवणाच्या वेळा असे सगळेच बदलत असताना हा तास तेवढा तसाच राहावा, असे मला फार मनापासून वाटत होते, आणि औषधांच्या पिशवीइतकीच काळजी मी त्याची घ्यायला हवी होती. ती मी पुरेशी घेतली नाही.

हिशेब साधा होता. आठवड्याचे सहा भाग धरले तर सहा आठवड्यांत एका मालिकेचे छत्तीस भाग होतात, आणि जाहिराती वगळून एक भाग सुमारे बावीस मिनिटांचा धरला तर तेरा तासांहून थोडे अधिक, म्हणजे दोन मालिकांचे मिळून सव्वीस तास. परत आल्यावर एवढे सगळे एकदम बघून संपवणे एक्क्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना झेपणारे नव्हते, म्हणून तिथेच रोजच्या रोज बघणे हाच मार्ग होता.

कोणती वाहिनी कोणत्या ॲपवर दिसते हे निघण्याआधी नीट लिहून घ्यावे. झी मराठीच्या मालिका झी५ वर असतात, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. आईंच्या दोन मालिका दोन वेगवेगळ्या ॲपवर होत्या आणि दोन्ही ॲप त्यांच्या मोबाईलच्या रिचार्जबरोबर आलेली होती. मुलीकडे चांगले वायफाय आहे, तेव्हा टॅबवर ती तिथे गेल्यावरच घालू, असे मी ठरवले आणि इथेच माझी चूक झाली.

ब्रेमेनला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲप उघडले, तर त्याने आईंच्या नंबरवर ओटीपी पाठवला. तो नंबर असलेला फोन औंधच्या घरात, आईंच्या कपाटात, बंद पडलेला होता, कारण परदेशात त्याचा उपयोग काय, असे म्हणून आम्हीच तो ठेवून आलो होतो. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. त्यांनी बिचाऱ्यांनी कपाट उघडले, फोन चार्जिंगला लावला, तो सुरू होईपर्यंत वाट पाहिली, आणि ओटीपीची मुदत दोनदा संपल्यावर तिसऱ्या वेळी आकडे वाचून दाखवले. ओटीपी फोनवरून कोणाला सांगू नये, हे मी स्वतः आईंना शंभरदा बजावलेले आहे, त्यामुळे ते आकडे ऐकताना मला फार अवघडल्यासारखे झाले. एवढे करून ॲप उघडले आणि पडद्यावर ओळ आली की हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. आई कापसाचा डबा घेऊन बसलेल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी डब्याचे झाकण लावले, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यामागचे कारण समजून घेतले तर पुढचा त्रास वाचतो. मालिका दाखवण्याचे हक्क देशवार विकले जातात आणि आपण कोणत्या देशातून बघत आहोत हे ॲप आपल्या इंटरनेट जोडणीवरून ओळखते, त्यामुळे भारतात भरलेली किंवा रिचार्जबरोबर मिळालेली वर्गणी बाहेरच्या देशात चालेलच असे नाही. काही सेवांची परदेशासाठी वेगळी आवृत्ती आणि वेगळी वर्गणी असते, काही सेवा मोजक्याच देशांत असतात. आमच्या दोनपैकी एका ॲपची आंतरराष्ट्रीय वर्गणी जर्मनीत मिळत होती. ती मुलीने आपल्या कार्डाने महिन्यापुरती घेतली आणि साडेसातची मालिका त्याच संध्याकाळी सुरू झाली. साडेआठची मालिका ज्या ॲपवर होती ते मात्र तिथे मिळत नव्हते, तेव्हा लंडनला जाईपर्यंत तिच्या वाहिनीने यूट्यूबवर टाकलेल्या दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांवर आईंनी समाधान मानले.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी ज्या टॅबवर बघायचे त्याच टॅबवर सगळी ॲप घालून, प्रवेश करून, शक्य तिथे पासवर्ड ठरवून ठेवावेत. ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिमकार्ड बरोबर घ्यावे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्यावे. नुसते संदेश येण्यापुरते ते लागते, त्यावर इंटरनेट वापरण्याची गरज नाही. तिथे कोणी नातेवाईक नसेल आणि परदेशातली वर्गणी आपल्याच कार्डाने भरायची असेल, तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करावे लागतात, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे मार्च २०२० पासून नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालते. मर्यादा कमी ठेवावी, म्हणजे धास्ती राहत नाही.

आता वेळेविषयी सांगते, कारण माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रश्न तोच आहे. ऑक्टोबरच्या बहुतेक दिवसांत जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे पुण्यातले साडेसात ते तिथले दुपारचे चार. पहिले दोन-तीन दिवस आम्ही हौसेने चारलाच टॅब लावला, पण ती बाहेर पडायची, ऊन अंगावर घ्यायची वेळ. आईंचे मन ना मालिकेत लागे ना फिरण्यात. मग मुलीनेच सुचवले, की आजी, पुण्याचे साडेसात सोडून दे, आपण इथल्या साडेसातला बघू. तोपर्यंत त्या दिवसाचा भाग ॲपवर आलेला असतोच. दिवा, शुभंकरोती आणि साडेसातला मालिका हा क्रम जसाच्या तसा बसला, आणि दिवाळीत मुलीच्या बाल्कनीतल्या पणत्यांना त्याच वाती लागल्या. २६ ऑक्टोबरला युरोपातली घड्याळे एक तास मागे गेली आणि अंतर साडेचार तासांचे झाले. त्या दिवशी पाचनंतर थोड्याच वेळात अंधार पडला, आणि दिवेलागण झाली तरी मालिका कशी नाही, असे आई पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी किंवा मार्चच्या शेवटच्या रविवारी तुम्ही तिकडे असाल, तर वडीलधाऱ्यांना हा बदल आदल्या दिवशी समजावून सांगावा. आम्ही भिंतीवर एक मोठ्या आकड्यांचे घड्याळ लावून दिले आणि त्याचा फार उपयोग झाला.

वेळ बदलली की आणखी एक अडचण येते, ती म्हणजे कथानक आधीच कळण्याची. शेजारच्या काकू आठला मालिका संपली की आईंना व्हिडिओ कॉल करायच्या, आणि ब्रेमेनमध्ये तेव्हा साडेचार वाजलेले असायचे. दोन दिवस सगळा भाग आईंना तीन तास आधीच कळला. तेव्हा काकूंशी बोलून फोनची वेळ तिथल्या सकाळी दहाची ठरवली. पुण्यात तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असे, काकूंची जेवणे उरकलेली असत, आणि आदल्या दिवशीचा भाग दोघींनीही पाहिलेला असे. त्या गप्पा कधीकधी मालिकेपेक्षाही लांबायच्या.

ॲमस्टरडॅमला जाताना मुलीच्या वर्गणीचे काय होईल अशी शंका होती, पण ती तिथेही चालली. युरोपीय संघाच्या एका सदस्य देशात घेतलेली सशुल्क सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरत्या मुक्कामातही मिळावी, असा नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. भारतात घेतलेल्या वर्गणीला तो लागू नाही, आणि २०२१ पासून ब्रिटनलाही नाही. लंडनला मात्र आमची साडेआठची मालिका ज्या ॲपवर होती त्याची वर्गणी मिळत होती. भाच्याने ती घेतली तेव्हा सुमारे चोवीस भाग साचलेले होते. सगळे बघण्याचा हट्ट धरला असता तर लंडन बघणे राहिले असते, म्हणून आईंनी रविवारचे महाएपिसोड तेवढे निवडून पाहिले आणि मधले भाग सोडून दिले. साचलेल्या भागांच्या बाबतीत मी हाच सल्ला देईन.

विमानातल्या आणि रेल्वेतल्या वेळेसाठी भाग आधी उतरवून घेणे चांगले, परंतु उतरवलेल्या भागांनाही मुदत असते. नेटफ्लिक्सवर काही कार्यक्रम एकदा सुरू केले की ४८ तासांत मिटतात, आणि देश बदलल्यावर तिथे हक्क नसलेला कार्यक्रम उतरवलेला असला तरी दिसेलच अशी खात्री नसते. घरीच फोन विमान मोडवर टाकून एक भाग लावून पाहावा, म्हणजे खरोखर उतरला आहे की नाही ते समजते. रोमिंगच्या इंटरनेटवर मालिका बघू नयेत. नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने एचडी दर्जाला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, म्हणजे बावीस मिनिटांच्या एका भागात दिवसाचा १ जीबी संपण्याची पाळी येते. दर्जा कमी ठेवला तर हेच प्रमाण बरेच उतरते, आणि टॅबच्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. आईंना कमी ऐकू येते, म्हणून कानावर बसणारे हेडफोन आणि टॅब उभा ठेवायची घडीची चौकट या दोन वस्तू मी पुन्हा नक्की नेईन. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते, ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

व्हीपीएन वापरून भारतात असल्यासारखे दाखवता येते, असे आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवले. मी ते केले नाही. बहुतेक सेवांच्या अटींत ते बसत नाही, ॲप ते ओळखून अडवतात, आणि फुकटच्या व्हीपीएनमधून आपले पासवर्ड जाऊ देणे मला धोक्याचे वाटते. टॉरेंटवरून मालिका उतरवण्याचा विचार तर जर्मनीत मुळीच करू नये. तिथे हक्कधारकांचे वकील अशा उतरवणाऱ्यांचा माग काढून इंटरनेट जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला दंडवजा रकमेची नोटीस पाठवतात, आणि ती रक्कम शेकडो युरोंची असू शकते. आपण परत येतो आणि पत्र मुलीच्या किंवा जावयाच्या नावाने येते.

परतताना ब्रेमेनची आणि लंडनची दोन्ही वर्गण्या दरमहा आपोआप पुढे चालू राहणाऱ्या आहेत, हे विमानतळावर लक्षात आले. फ्रँकफर्टला विमानाची वाट बघत असताना मुलीला आणि भाच्याला फोन करून त्या बंद करायला सांगितल्या. काकूंना आईंनी आधीच कळवले होते, की सोमवारी साडेसातला इकडेच या, कापूस मी काढून ठेवते.