नागपुरातलं एडिस्टन, अपडेट ४: बारा सेकंदांचा घोळ

मंडळी, मागच्या अपडेटला दीड महिना होऊन गेला, मधात कूलर उतरवणं, खस बदलणं, दोन लग्नं, सगळंच आलं आणि टॉवर टेबलावर तसाच अर्धवट उभा राहिला. पण परवा रात्री गच्चीवर पहिल्यांदा दिवा फिरला. फिरला खरा, पण चुकीचा फिरला, आजचं रडगाणं त्याचंच आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: इंग्लंडात प्लिमथच्या पुढं समुद्रात एडिस्टन नावाचा खडक आहे, त्याच्यावर डग्लसनं बांधलेला १८८२चा टॉवर मी १:१०० मध्ये करून राहिलो. खरा ४९ मीटर, माझा ४९ सेंटिमीटर, म्हणजे हिशोबाला सोपा.

नागपूरचा माणूस काहून दीपगृहाच्या मागं लागला, हे घरचेही विचारतात. झिरो माइलच्या दगडाला पाठ लावून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. याचं खापर माझ्या साडूवर. अलिबागला त्याच्याकडे गेलो होतो, रात्री थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचा दिवा दिसत होता (महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला तेच बेट, दीपगृह १८६७चं) आणि मी आपला बाप्पा काय मस्त वगैरे म्हणून राहिलो तर साडू म्हणाला, भाऊ, नुसतं पाहू नका, दोन झपक्यांच्या मधात किती सेकंद जातात ते मोजा, तेच त्याचं नाव. तेव्हापासून डोक्यात मोजणंच बसलं. नुसता जळणारा दिवा कोणाचाही असू शकते, पण ठरलेल्या वेळानं लुकलुकणारा दिवा कोणता हे समुद्राचा चार्ट उघडून खात्रीनं सांगता येते. गंमत म्हणजे ही अक्कल यायला फार काळ गेला. याच एडिस्टनवर स्मीटनचा १७५९चा टॉवर होता, त्यात २४ मेणबत्त्या नुसत्या जळायच्या, फिरणं नाही न काही नाही. फिरता दिवा पहिल्यांदा १७८१ मध्ये स्वीडनच्या मार्स्ट्रांडला लागला.

आजच्या एडिस्टनची ओळख आहे १० सेकंदांत २ झपके. म्हणून माझा प्लॅन असा: मधात एलईडी स्थिर, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चौकट, चौकटीत दोन भिंगं जवळजवळ आणि बाकी सगळा भाग काळा. एक चक्कर १० सेकंदांची झाली की काम झालं. मिनिटाला ६ चकरा. आणि बरोबर तेवढीच मोटर आपल्या घरोघरी असते, कूलरच्या झडपा हलवणारी स्विंग मोटर! सीताबर्डीतून आणली, लेबलवर ५/६ आरपीएम, मी ६ वाचलं आणि खुश.

लावली, मोबाइलवर स्टॉपवॉच धरलं, १२ सेकंद. परत मोजलं, १२च. मोटर बिघडलेली समजून दुकानात परत जायला निघालो होतो, तेवढ्यात लेबलवरची दुसरी ओळ दिसली, ५०/६० हर्ट्झ. म्हणजे ५० हर्ट्झवर ५ आणि ६० वर ६. आपल्या लाइनीला ५० हर्ट्झ, म्हणून ती इमानदारीनं ५ चकरा मारून राहिली, सिंक्रोनस मोटर असल्यामुळे व्होल्टेज वर खाली झालं तरी तिला फरक पडत नाही. चूक मोटरची नाही, दुकानदाराची नाही, माझीच.

उपाय म्हणून मोटरवर ३६ मिमीची पुली, चौकटीखाली ३० मिमीची, मधात जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट. ५ गुणिले ३६ भागिले ३०, ६. कागदावर झकास. वीस चकरा मोजल्या तर २०० सेकंद व्हायला पाहिजे होते, झाले २०७. बेल्ट घसरते. तरी १२ पेक्षा बरं. ही मोटर कधी उजवीकडे सुरू होते कधी डावीकडे, तिची मर्जी, पण दोन्ही झपके सारखेच असल्यानं त्याचं काही बिघडत नाही.

भिंगाचं मात्र हसू झालं. फ्रेनेलच लावायचं असं ठरवलं होतं, त्याशिवाय मजा काय. जाड भिंगाचं खरं काम बाहेरच्या वळणावर होते, मधातली काच नुसतं ओझं, म्हणून फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं ते वळणच तुकड्या-तुकड्यांनी कड्यांमध्ये मांडलं, आणि १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ते भिंग लागलं. बारीक अक्षर वाचायला वापरतात ती प्लॅस्टिकची पातळ भिंगं त्याच तत्त्वाची, दोन घेतली. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर धरून फोकस मोजला, कागदाला भोक पडलं तेव्हा पट्टीवर १५ सेंटिमीटर! माझी दिव्याची खोली ४ सेंटिमीटरची. शेवटी दोन टॉर्चची फुगीर भिंगं बसवली, फ्रेनेलची माफी मागून.

टॉवरची बॉडी झाली. पीव्हीसी पाइपवर पीओपी, आणि पत्र्याचा फर्मा फिरवून वळण काढलं. पहिले दोन पीओपी हातातच आवळले, मग चितारओळीतल्या एका मूर्तिकार काकांना विचारलं. ते म्हणाले, पाणी भुकटीत नको टाकू, भुकटी पाण्यात सोड, आणि पाण्यात थोडा सरस घाल, वेळ मिळते. मिळाला. बुडाशी सरळ गोल चौथरा ठेवलाय, कारण स्मीटनच्या झाडाच्या बुंध्यासारख्या आकारावर लाटा सरसर वर चढायच्या, डग्लसनं त्या खालच्या खालीच फोडल्या.

आता उरलं ते स्मीटनचं थुटुक. त्याचा टॉवर पक्का होता, खालचा खडक झिजला म्हणून वरचा भाग उतरवून प्लिमथला नेऊन उभा केला, बुंधा तिथंच राहिला, आजही नव्या टॉवरच्या बाजूला दिसते. तो बुंधा पुढच्या अपडेटला.

बेल्टच्या जागी ६० आणि ५० दातांची प्लॅस्टिकची गिअर जोडी कोणाकडे पडली असेल तर सांगा बे, तुटलेल्या प्रिंटरमधली असली तरी चालते. आणि शेजारचे विचारून राहिले की गच्चीवर रात्री ॲम्ब्युलन्स काहून उभी असते, त्यांना काय सांगू तेही सांगा.