होय की!

परवा दुपारी पावसानं गाडीच्या काचा धुकटल्या. पुसायला फडकं शोधत डॅशबोर्डचा खण उघडला, तर बिलांचा गठ्ठाच मांडीवर कोसळला. सगळी घडी घातलेली, आकडा आतल्या बाजूला. मीच तशी ठेवतो. पैसे भरून झालेलं बिल पुन्हा वाचू नये, असं माझं मत आहे. भरायच्या आधीही मी ते वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग'. 'कन्झ्युमेबल्स'. बिल इंग्रजीत, मेस्त्री निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणार, आणि मी निव्वळ मराठीत घाबरणार. काउंटरवरचा पोरगा एकेका ओळीवर पेन आपटत विचारतो, "करायचं न्हवं सर?" मी म्हणतो, "होय की." आमच्या बेळगावात एवढं म्हटलं की माणूस जाणकार दिसतो.

तसा मी कंजूष आहे. कोल्हापूरला निघालो की निपाणीतच टाकी भरतो. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र, तिथं पेट्रोल महाग. चार पैसे वाचतात आणि मी कोल्हापूरपर्यंत खुशीत असतो. आणि ही गाडी घेताना? चार लाखांचं कर्ज, पाच वर्षं, "फक्त सात टक्के फ्लॅट." हप्ता बरोब्बर 9,000. असा गोल आकडा पाहून मला वाटलं, हिशेब स्वच्छ आहे. पुतणी बी.कॉम.ला आहे, तिनं एका रविवारी कागदावर मांडून दाखवलं. "काका, मुद्दल दर महिन्याला उतरतंय, पण व्याज शेवटपर्यंत पुऱ्या चार लाखांवर. म्हणजे हे साडेबारा टक्के पडलं." 1,40,000 रुपये व्याज. त्यात निपाणीच्या किती टाक्या बसतात, ते तिनं विचारलं नाही. शहाणी आहे.

जुन्या गाडीवर पाच वर्षांत विम्याचा एकही क्लेम नव्हता. तेवढ्यावर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात 50 टक्के सूट मिळते, आणि ती सूट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकताना एक कागद मागून घेतला असता, तर ती नव्या गाडीला लागली असती. मी टेपरेकॉर्डर तेवढा काढून घेतला.

आज्जांची बैलगाडी होती, खानापूरकडच्या गावात. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून त्यावरची लोखंडी धाव खुळखुळायला लागली की ते गाडी मलप्रभेच्या पाण्यात उभी करून ठेवायचे. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. तेवढ्यानं नाही भागलं तर लोहाराकडं. शेण्यांच्या आगीत धाव लाल व्हायची, चौघंजण सांडशीनं उचलून ती चाकावर बसवायचे, लाकूड चर्र जळायचं, वरून घागरीनं पाणी. त्या वाफेत उभं राहायला मला फार आवडायचं. शाळेचा सदरा धुराचा वास घेऊन घरी यायचा आणि आई ओरडायची. वाफ विरली की आज्जा चाकावर मूठ आपटून आवाज ऐकायचे. आवाज बद्द आला तर म्हणायचे, "न्हाई जमलं, परत." लोहार कुरकुरत पुन्हा शेण्या रचायचा. सुगीला त्याला भात मोजून जायचा, आणि त्यावर कधी कुणी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. आज्जांना सही यायची नाही.

मी बोनेटवर मूठ आपटून पाहिली. आवाज बरा आला.

बिलं एकदा नीट लावावीत म्हणून चष्मा आणला. पहिलंच बिल उलगडतोय तोवर फोन. दुसरी गाडी, बायकोची, सकाळीच गॅरेजला दिली होती.

"सर, लिंक रॉड पण गेलंय बघा. घालू काय?"

लिंक रॉड म्हणजे काय, कुठं असतं, किती पडेल, सगळं विचारायचं म्हणून पेन उघडलं. पलीकडं कुणीतरी कन्नडमध्ये त्याला घाई करत होतं.

"होय की," म्हटलं.