यवतमाळचा अकोला झालेला देश

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट यंदा सतरावर आला आहे. खोल्या चार, गुरुजी दोन. पहिलीची दोन मुले तिसरीच्या मुलांसोबत एकाच सतरंजीवर बसतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत सामावून घेण्याची चर्चा सुरू झाल्यापासून ग्रामसभेत दुसरा विषय निघत नाही, आणि त्याच दिवसांत मी लाटव्हियाविषयी वाचत होतो.

बाल्टिक समुद्रकाठचा हा देश क्षेत्रफळाने विदर्भाच्या दोन तृतीयांश आहे. १९८९ च्या जनगणनेत तिथे सुमारे २६ लाख ६७ हजार लोक होते, म्हणजे २०११ च्या यवतमाळ जिल्ह्याहून थोडे कमी. आज ते १९ लाखांच्या आत आले आहेत, म्हणजे जवळपास अकोला जिल्हा. सोव्हिएत संघ मोडल्यावर काही रशियन भाषक परतले, जन्मांपेक्षा मृत्यू वाढले, आणि २००४ मध्ये युरोपीय संघाचे दार उघडताच तरुण आयर्लंड आणि ब्रिटनकडे निघाले.

खरी कसोटी २००८ मध्ये लागली. पारेक्स ही खासगी बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि नाणेनिधीसह इतरांकडे कर्जासाठी हात पसरावा लागला. लाट या चलनाचे अवमूल्यन करा, असे अनेक अर्थतज्ज्ञ सुचवत होते. परंतु लोकांची बहुतेक गृहकर्जे युरोत असल्याने चलन घसरले असते तर हप्ता रातोरात वाढला असता. सावकाराच्या वहीची धास्ती घेतलेल्या आमच्या भागाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पंतप्रधान डोंब्रोव्हस्किस यांनी चलन राखले आणि त्याऐवजी पगार कापले, शाळा व रुग्णालये बंद केली. निवृत्तिवेतनालाही कात्री लागली होती, पण डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती कपात रद्द ठरवली. एवढे सोसूनही २०१० मध्ये मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले, याचे मला अजून नवल वाटते.

२०१४ मध्ये लाटव्हियाने युरो स्वीकारला आणि जगाने पाठ थोपटली. हिशेब सावरला, हे मलाही मान्य आहे. मात्र २०१० च्या सुरुवातीला वीस टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी पुढे उतरली, त्यात नव्या कामांइतकाच निघून गेलेल्या माणसांचाही वाटा होता, आणि तो ताळेबंदात खर्च म्हणून कुठे मांडला जात नाही. आमच्याही आळीतल्या तीन घरांना कुलूप आहे. पोरे चाकणला, आणि कापूस वेचायला माणसे बाहेरून आणावी लागतात.

मागे राहिलेल्यांचा भार कोणी वाहायचा, हा तिथला आजचा प्रश्न आहे. निवृत्तीचे वय दरवर्षी तीन महिन्यांनी वाढवत ६२ वरून २०२५ मध्ये ६५ वर नेले गेले. (आमच्या सत्तरीच्या म्हाताऱ्या अजून पऱ्हाटीत वाकलेल्या असतात, तेव्हा मला यावर फार बोलता येत नाही.) २०२१ मध्ये ११९ स्थानिक स्वराज्य संस्था एकत्र करून ४३ केल्या. कागदावर हे रास्तच आहे. पण कचेरी किंवा शाळा हलवताना माणूस तिथवर कसा पोहोचणार, हे आधी ठरले पाहिजे. आमची मोठी शाळा पाच किलोमीटरवर आहे, मध्ये नाला आहे, आणि पावसाळ्यात एसटी फाट्यावरूनच परतते.

येत्या जूनमध्ये चौथीची पाच मुले बाहेर पडतील. पहिलीत नाव घालण्याजोगी गावात दोनच आहेत, आणि त्यांतल्या एकीचे वडील पुण्यात खोली शोधत आहेत.