मागे वळताना कॅमेरा कुठे ठेवायचा?

मंगळवार, रात्री उशिरा

आमच्या ऑर्फियस-युरिडिसीच्या फिल्मची स्क्रिप्ट लॉक झाल्याचं, म्हणजे आता बदल नाही असं, सगळ्यांना सांगून मोकळी झालेय, आणि स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रं, काढताना ती रोज उघडतेय.

ग्रीक पुराणकथा अशी: युरिडिसी साप चावून मरते. तिचा नवरा, गायक ऑर्फियस, पाताळात जाऊन गातो. पाताळाचा राजा हेडीस तिला सोडतो, पण वर पोचेपर्यंत ऑर्फियसने मागे वळून बघायचं नाही. तो बघतो. कागदावर हे चार ओळींत उरकतं. फ्रेममध्ये मात्र तो पुढे, ती मागे. कॅमेरा त्याच्या तोंडासमोर ठेवला की त्याच्या खांद्यामागे ती दिसतच राहणार. ती येतेय हे प्रेक्षकाला ठाऊक, त्याला नाही. मग तो वळला की मूर्ख वाटतो. मला तो मूर्ख नकोय. त्याला येणारी शंका बघणाऱ्यालाही यायला हवी. म्हणून चढणीवर फक्त त्याचे टाइट क्लोजअप आणि मागे धुकं. तो वळेपर्यंत ती एकदाही दिसणार नाही.

आवाजावरून आज वाजलंच. साउंडवाला म्हणे, तिच्या पायात पैंजण देऊ. अरे बाबा, पैंजण ऐकू येत असतील तर तो वळेल कशाला? रोमन कवी ओव्हिडने ती चढण निःशब्द, काळोखी, दाट धुक्यातली लिहिलीय. त्याच्याकडचाच एक बारकावा मी अधाशासारखा उचलला: युरिडिसीला बोलावतात तेव्हा ती जखमेमुळे हळूहळू चालत येते. म्हणजे मेल्यावरही पाय दुखतोय! त्यासाठी एक अख्खं पॅनेल दिलंय. नुसतं पाऊल, घोट्यावर दोन ठिपके, टाच नीट टेकत नाही. पुढे चढणीवर ऑर्फियस चाल मंदावतो, ते का हे मग कुणाला सांगायला नको.

वळल्यावर व्हर्जिल या दुसऱ्या रोमन कवीची युरिडिसी बरंच बोलते. ओव्हिडची फक्त निरोपाचा एक शब्द, तोही त्याला जेमतेम ऐकू येतो. आम्ही ओव्हिड घेतला. युरिडिसी करणारी मैत्रीण तेव्हापासून फुगून बसलीय.

आईला गोष्ट सांगितली तर म्हणाली, "अगं, ही तर आपली रुरू-प्रमद्वरा!" खरंच की. महाभारताच्या आदिपर्वात प्रमद्वरेला लग्नाच्या तोंडावर साप चावतो, रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन टाकतो आणि ती उठून बसते. प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादात फीड्रस नावाचं पात्र ऑर्फियसला नेमका इथेच टोमणा मारतो: याला मरायचं धाडस झालं नाही, जिवंतच आत शिरला, म्हणून देवांनी त्याला तिची नुसती छाया दाखवली. आई अर्थातच फीड्रसच्या बाजूची. रुरू माणूस म्हणून मोठा, मान्य. पण त्याचा सौदा सरळ पार पडतो, त्यात मी शॉट कसला लावू?

शेवटची फ्रेम नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या संगमरवरी शिल्पावरून घेतलीय. मूळ ग्रीक काम इ.स.पू. 5 व्या शतकातलं, ही त्याची रोमन काळातली प्रत. ऑर्फियस वळलाय, युरिडिसीचा एक हात त्याच्या खांद्यावर आहे, आणि दुसरा हात मेलेल्यांना पाताळात नेणाऱ्या हर्मिस देवाने धरलासुद्धा आहे. भेट आणि ताटातूट एकाच चौकटीत. डोळ्यांचे, हातांचे वेगवेगळे इन्सर्ट, म्हणजे जवळून घ्यायचे छोटे शॉट, काढून ठेवले होते, ते सगळे खोडले. एकच मिड शॉट, कॅमेरा हलणार नाही.

आता हर्मिस कोण करणार हा प्रश्न आहे. उंच मुलगा हवाय आणि संवाद एकही नाही, त्यामुळे ज्याला विचारावं त्याला नेमकी त्याच आठवड्यात परीक्षा निघते.